माका आंबो आवडता, मे गुस्ता एल मांगो

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘मी देवगड तालुक्यातली. सध्या रत्नागिरीत वसतिगृहात राहून एस.वाय.बी.ए. करते, विषय अर्थशास्त्र. आठ महिन्यांपूर्वी ऑनलाइन स्पॅनिश शिकायला घेतलं. ॲपवरचा रोजचा धडा एकदाही चुकवलेला नाही, वाचलेलं बरंच कळतं. पण वर्गात बाईंनी साधा प्रश्न विचारला तरी तोंड उघडत नाही. घरी बाबांची हापूसची कलमं आहेत. ते म्हणतात, “ती भाषा शिकान काय करतलंस?” मला उत्तर देता येत नाही. मैत्रिणी म्हणतात, तू बदलत चाललीस. आजी मालवणीत बोलायला लागली की मी मनातल्या मनात तिची वाक्यं सुटी करून बघत बसते. कधी वाटतं, घरच्या भाषेपासून लांब चाललोय. असंच होतं का? आणि पुढे यातच एम.ए. करू, की नोकरीपुरती शिकून थांबू?’

प्रिय मैत्रिणी,

आजीची वाक्यं सुटी करून बघतेस, ते बंद करू नकोस. तुझा खरा अभ्यास तिथेच चालू आहे. ॲपवरच्या आठ महिन्यांत जे हाती लागलं नाही, ते आजीच्या दोन वाक्यांत लागेल. कसं, ते आधी सांगतो. बाकीच्या प्रश्नांचं उत्तर तिथूनच निघतं.

आजी म्हणते, ‘माका आंबो आवडता’. क्रियापद इथे आंब्याच्या मागून जातं. आंबे अनेक झाले की ‘आवडतत’ होतं. ‘माका’ नुसतं बाजूला उभं असतं. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’ आणि अनेकवचनी ‘मे गुस्तान लोस मांगोस’. सांगाडा अगदी तोच. इंग्रजीत ‘मी’ कर्ता होतो, म्हणून इंग्रजीतून शिकणारी मुलं ‘यो गुस्तो’ म्हणतात आणि महिनोन् महिने तिथेच अडखळतात. मराठी मुलांनी ही चूक करण्याचं काही कारण नाही. तरी करतात, कारण पाठ्यपुस्तक इंग्रजीतून समजावतं आणि आपण आपली भाषा दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवतो.

अशा जागा बऱ्याच आहेत. ‘मी पेटी बघते’ पण ‘मी आईला बघते’. वस्तूला प्रत्यय नाही, माणसाला ‘ला’. स्पॅनिशमध्ये ‘बेओ ला काखा’, पण ‘बेओ आ मी माद्रे’. पुस्तकात या ‘आ’ला वेगळं प्रकरण दिलेलं असतं, कारण इंग्रजीत असं काही नाही. तुला नियम पाठ करायची गरज नाही. मराठीत कर्माला ‘ला’ लागतो का, एवढंच विचार. दहातल्या आठ-नऊ वेळा उत्तर बरोबर येईल.

भूतकाळाचं तसंच. ‘लहानपणी मी आजोळी जायचे’ आणि ‘काल मी आजोळी गेले’ यांतला फरक तुला कुणी शिकवला नाही. पहिल्याला स्पॅनिशमध्ये ‘इबा’, दुसऱ्याला ‘फुई’. ज्या दोन भूतकाळांवरून बहुतेक वर्गांत दोन-तीन आठवडे गोंधळ चालतो, ते तुझ्याकडे घरचेच आहेत. ‘जायचे, खायचे, असायचे’ आलं की एक काळ, ‘गेले, खाल्लं, झालं’ आलं की दुसरा.

आणि सगळ्यांना घाबरवणारा सुबखुन्तिवो. इच्छा, आग्रह, शंका, प्रार्थना यांत क्रियापदाचं रूप बदलतं. ‘तो येईल असं मला वाटतं’ म्हणजे ‘क्रेओ के बेन्द्रा’. ‘त्याने यावं असं मला वाटतं’ म्हणजे ‘किएरो के बेंगा’. मराठीतही ‘येईल’चं ‘यावं’ झालंच ना? शाळेत याला विध्यर्थ म्हणायचो. ‘पाऊस पडो’ म्हणजे ‘ओखाला युएवा’. हा ‘ओखाला’ अरबीतून आलेला, त्यात ‘अल्लाची इच्छा असेल तर’ हा अर्थ दडलाय. देवळात गाऱ्हाणं घातलं जातं तेव्हा ‘इडापिडा टळू दे, बरकत येऊ दे’ अशी जी रूपं एकामागून एक येतात आणि लोक ‘होय म्हाराजा’ म्हणतात, ती ऐकताना स्पॅनिशचं हे रूप आठव. एखादं गाऱ्हाणं वहीत उतरवून त्यातली पाच वाक्यं स्पॅनिशमध्ये कर. पुस्तकातल्या पन्नास रिकाम्या जागा भरण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आता मराठी कुठे फसवते तेही बघ, नाहीतर हा मार्ग अर्धाच राहील. सर्वांत मोठी खोट उपपदांची, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’सारख्या शब्दांची. आपण ‘आंबे महाग आहेत’ म्हणतो, तिथे ‘लोस मांगोस सोन कारोस’ असंच म्हणावं लागतं. ‘लोस’ गाळलं तर वाक्य लंगडं होतं. मराठीत उपपदच नाही, म्हणून ते गळलं तरी कानाला खटकत नाही. लिंगाची गंमत वेगळी. मालवणीत ‘ता चेडू’ (मुलगी) नपुंसक, त्यामुळे लिंग व्याकरणाचं असतं, माणसाचं नव्हे, हे तुला पटवावं लागणार नाही. पण मराठीचं लिंग तिकडे चालत नाही: नदी इकडे ती, तिकडे ‘एल र्रीओ’, दूध इकडे ते, तिकडे ‘ला लेचे’. ‘प्रोब्लेमा, क्लीमा, इदिओमा’ आकारान्त असूनही पुल्लिंगी, ‘मानो’ ओकारान्त असून स्त्रीलिंगी. म्हणून एकही नाम उपपदाशिवाय वहीत लिहू नकोस. ‘मार’ हा शब्द समुद्रासाठी, सर्वसाधारणपणे पुल्लिंगी. पण दर्यावर्दी आणि मच्छीमार त्याला ‘ला मार’ म्हणतात, स्त्री मानून. किनाऱ्यावरच्या माणसाला हे लक्षात ठेवायला जड जाऊ नये.

‘आहे’ला दोन क्रियापदं, सेर आणि एस्तार. ‘हापूस गोड असतो’ तिथे सेर, ‘हा आंबा गोड आहे’ तिथे एस्तार, हा धागा बऱ्याचदा कामी येतो. ‘एल मांगो एस्ता वेर्दे’ म्हणजे आंबा अजून कच्चा आहे. ‘एल मांगो एस वेर्दे’ म्हणजे त्याचा रंग हिरवा. पण ‘ती डॉक्टर आहे’ इथे मराठीत ‘असते’ येत नाही, तरी सेरच लागतं. तिथे हा धागा सोडून दे. भूक ‘लागत’ नाही, ती माणसाकडे ‘असते’: ‘तेंगो आंब्रे’. आणि ‘मी पत्र लिहिलं, मी चिठ्ठी लिहिली’ या सवयीने ‘एस्क्रितो’चं ‘एस्क्रिता’ करायचा मोह होतो. ‘ए एस्क्रितो ला कार्ता’ हेच बरोबर. ‘ए’ हे ‘आबेर’ या सहायक क्रियापदाचं रूप; त्याच्याबरोबर ‘एस्क्रितो’ हलत नाही.

हे सगळं इथे देवनागरीत छापतो आहोत, पण तुझ्या वहीत तसं करू नकोस. पहिल्या महिन्यानंतर देवनागरी नोंदी नुकसान करतात. आघात कुठे, ते त्यांत दिसत नाही, आणि मराठी मुलांची उच्चारातली मुख्य चूक आघाताचीच असते. ‘आब्लो’ हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटला तर ‘मी बोलते’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. ‘पापा’ पहिल्यावर जोर दिला तर लॅटिन अमेरिकेत बटाटा, शेवटच्यावर दिला तर बाबा. नियम सोपा आहे: शब्द स्वर, ‘न’ किंवा ‘स’वर संपत असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात, नाहीतर शेवटच्यावर, याला अपवाद असेल तिथे लिहिताना स्वरावर तिरकी रेघ येते. ती रेघ म्हणजे शोभा नव्हे. तसंच ‘न’वरची नागमोडी खूण. ‘तेंगो १९ आन्योस’ म्हणजे मी १९ वर्षांची. खूण विसरलीस तर ‘आनोस’ होतं, आणि त्याचा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही. फोनच्या कळफलकात स्पॅनिश आजच जोडून घे.

बाकी उच्चारांत तू बऱ्याच इंग्रजी मुलांच्या पुढे आहेस. स्पॅनिशचे त, द दातांना जीभ लावूनच म्हणतात, आपल्यासारखे; ट, ड नाहीत. प, त, क यांत हवा सोडायची नाही. तिथे ‘व’ आणि ‘ब’ लिहायला वेगळे, बोलायला एकच; शब्दाच्या सुरुवातीला ‘ब’ म्हण. ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. दुहेरी र्र जमत नसेल तर ‘किर्र’, ‘भुर्र’, ‘गर्रकन’ हे रोज वीसदा जोरात म्हण. जीभ सैल हवी, ताठ झाली की अडते.

आता तोंड का उघडत नाही ते. ॲप तुला चार पर्यायांतून बरोबर शब्द ओळखायला लावतं. ओळखणं आणि आठवून उच्चारणं या दोन वेगळ्या कसरती आहेत. आठ महिने तू पहिलीच केलीस. ज्या स्नायूला कधी काम दिलं नाही तो ऐनवेळी उठणार कसा? बुजरेपणाचा यात संबंध कमीच.

रोज ५० मिनिटं धर, आणि त्यांची वाटणी अशी कर. पहिली १० मिनिटं मोठ्याने वाचन, कळो न कळो. पुढची १० मिनिटं एका मिनिटाचा ध्वनी घेऊन पाच वेळा ऐक, आणि तिसऱ्या वेळेपासून बोलणाऱ्याच्या पाठोपाठ अर्ध्या सेकंदाच्या अंतराने तेच म्हण. संयुक्त राष्ट्रांच्या बातम्यांचं स्पॅनिश पान यासाठी चांगलं, उच्चार स्वच्छ असतात. मग १५ मिनिटं शब्दांची उजळणी. अंकी हे ॲप (अँड्रॉइडवर फुकट) त्यासाठी पुरे; त्यात शब्दांचे पत्ते करून ते उजळायचे. रोज फक्त १० नवे शब्द. पहिल्या आठवड्यात तीस-तीस घालणारी मुलं महिन्याभरात सोडतात, कारण जुन्या शब्दांची उजळणी साचत जाते आणि एक दिवस चारशे पत्ते समोर येतात. प्रत्येक पत्त्यावर सुटा शब्द न लिहिता लहान वाक्य लिही, आणि अर्थ मराठीत किंवा मालवणीत. इंग्रजी अर्थ लिहिलास की चकवे सुरू होतात: ‘एम्बारासादा’ इंग्रजीच्या अंगाने लाजलेली वाटते, आहे मात्र गरोदर.

उरलेली १५ मिनिटं सर्वांत महत्त्वाची. फोनवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड कर. विषय अगदी घरचा: आज मेसला काय होतं, पेटीत डझन कसे भरतात, एसटी का चुकली. मग ते ऐकून जसंच्या तसं लिहून काढ, चुकांसकट. त्यातल्या फक्त तीन चुका निवडून दुरुस्त कर आणि दुसऱ्या दिवशी तोच विषय पुन्हा बोल. सगळ्या चुका एकदम सुधारायला गेलीस तर पुन्हा तोंड मिटेल. पहिले दहा-बारा दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही, ते ओलांडायचं.

दीड महिन्याने आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी २५ मिनिटं, कुणाशी तरी बोलायला सुरुवात कर. भाषेची देवघेव करणारे लोक ऑनलाइन मिळतात. अर्धा वेळ स्पॅनिश, अर्धा वेळ त्यांना हवी ती भाषा. आपला फोन नंबर, गाव, घरचे फोटो देऊ नकोस, पहिले काही वेळा नुसतं आवाजावरच बोल, आणि बोलणं भाषेवरून भलतीकडे गेलं तर संकोच न करता थांबव. वेळेचा हिशोब असा: माद्रिद आपल्या मागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. आपले रात्रीचे आठ म्हणजे त्यांची दुपार. मेक्सिको शहर साडेअकरा तास मागे, म्हणजे तुझ्या सकाळच्या सातला तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसात. पावसाळ्यात लाईट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, तेव्हा आठवड्याचे ध्वनी रविवारीच उतरवून ठेव आणि उजळणीची एक वही कागदावरही असू दे.

स्पेनची भाषा की लॅटिन अमेरिकेची, हा प्रश्न लवकरच पडेल. बाईंची जी असेल ती धर आणि बी१ पातळीपर्यंत बदलू नकोस (ए१, ए२, बी१, बी२ या भाषेच्या चढत्या पायऱ्या). फरक ओळखता यावेत इतपत पुरे. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘ग्रासिआस’मधला पहिला ‘स’ दातांत जीभ धरून म्हणतात, लॅटिन अमेरिकेत साधा ‘स’. ‘वोसोत्रोस’ (तुम्ही सगळे) स्पेनबाहेर जवळजवळ नाही. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘वोस’, आणि क्रियापदही बदलतं. ‘कोखेर’ म्हणजे स्पेनमध्ये साधं ‘घेणं’. मेक्सिको आणि अर्जेंटिनात ते अश्लील आहे, तिथल्या माणसाशी बोलताना ‘तोमार’ वापर. ‘तोर्तीया’ स्पेनमध्ये अंडं-बटाट्याची जाड पोळी, मेक्सिकोत मक्याची भाकरी. आणि ‘तू-उस्तेद’ हे आपल्या ‘तू-तुम्ही’सारखं वाटलं तरी रेषा वेगळीकडे ओढलेली असते: स्पेनमध्ये विद्यार्थी प्राध्यापकांना सर्रास नावाने आणि ‘तू’ म्हणून हाक मारतात, तर कोलंबियात काही भागांत घरातल्या घरातही ‘उस्तेद’ चालतं. ‘सरांना अरेतुरे कसं करायचं’ ही अडचण तुला येईल, आणि ती खरी आहे. सुरुवात ‘उस्तेद’ने कर, समोरचा सांगेल तेव्हा ‘तू’वर ये.

परीक्षेबद्दल तू विचारलं नाहीस, पण तारीख नसली की अभ्यास पसरतो. स्पेन सरकारच्या सर्व्हान्तेस संस्थेची डेले ही स्पॅनिशची परीक्षा घे. तिचं प्रमाणपत्र कायमचं असतं. (सिएले ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, निकाल लवकर लागतो, पण प्रमाणपत्राला मुदत आहे.) डेलेत चार भाग, प्रत्येकी २५ गुण. वाचन-लेखन हा एक गट, ऐकणं-बोलणं हा दुसरा, आणि प्रत्येक गटात ५० पैकी किमान ३० हवेत. म्हणजे वाचनात २३, लेखनात १८ मिळाले आणि ऐकण्यात १५, बोलण्यात १२, तर बेरीज ६८ होऊनही नापास, कारण दुसऱ्या गटात २७च. ॲपवर तयार झालेली मुलं नेमकी इथे पडतात. आजच्या तुझ्या तयारीत तूही पडशील, म्हणून ए१च्या मागे न लागता वरचा क्रम सहा महिने पाळ आणि थेट ए२ला बस. पदवी संपेपर्यंत बी१, त्यानंतर वर्षभराने बी२, ही गती तुझ्या इतर अभ्यासाला धक्का न लावता जमण्यासारखी आहे. केंद्रं आणि तारखा संस्थेच्या दिल्ली शाखेच्या संकेतस्थळावर मिळतात. नोंदणी बरीच आधी बंद होते आणि कोकणातून जायचं म्हणजे एक रात्र मुक्काम धरावा लागतो, ते गृहीत धरून पैसे ठेव.

संस्कृतीच्या अभ्यासाबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. बैलांची झुंज, फ्लामेंको आणि दुपारची झोप यांच्या चित्रांनी भरलेल्या धड्यांतून माणूस घडत नाही. तू तुझ्या किनाऱ्यावरून सुरुवात कर. साखरेला स्पॅनिशमध्ये ‘असूकार’ म्हणतात: संस्कृत शर्करा, मग फारसी-अरबीत सुक्कर, मग स्पेन. ‘आखेद्रेस’ म्हणजे बुद्धिबळ, मूळ चतुरंग. ‘आल्कान्फोर’ म्हणजे कापूर. इ.स. ७११ पासून १४९२ मध्ये ग्रानादा पडेपर्यंत स्पेनच्या कमी-जास्त भागावर मुस्लिम राजवटी होत्या. त्या काळात हे शब्द तिथे रुजले. अरबी व्यापाऱ्यांच्या ज्या जगाने ते नेले, त्याच जगात आपलं चौल आणि दाभोळही होतं.

मग उलटा ओघ. मिरची, बटाटा, टोमॅटो, पपई, अननस, काजू, चिकू ही सगळी अमेरिका खंडातली. डहाणू-घोलवडचा चिकू मेक्सिकोत ‘चिकोसापोते’ आहे, शब्द मूळ नाहुआत्ल भाषेतला. हापूस हे नाव मात्र पोर्तुगीज आफोन्सोवरून. इथे एक काळजी घे: चावी, पगार, पाद्री हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, स्पॅनिशकडून नव्हे. स्पॅनिशमधले ‘यावे’, ‘पागार’, ‘पाद्रे’ हे त्यांचे चुलत भाऊ. तरी १५८० ते १६४० ही साठ वर्षं दोन्ही मुकुट एकाच राजाच्या डोक्यावर होते, त्यामुळे तेवढा काळ वसई आणि चौलचा धनीही माद्रिदमधून राज्य करणारा. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरात बोलतात. अलिबागकडे गेलीस तर कान देऊन ऐक. तुझ्या स्पॅनिशमुळे काही शब्द पकडता येतील.

हे वाचताना एक कटू भागही वगळू नकोस. स्पॅनिश अमेरिकेत तलवारीबरोबर पोचली. १५२१ मध्ये मेक्सिकोतली अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली, पुढच्या दशकात इंकांचं राज्य. नाहुआत्ल, केचुआ, ग्वारानी या तिथल्या मूळ भाषा तरीही जिवंत आहेत, आणि पॅराग्वेत ग्वारानी राजभाषा आहे. स्पेनमध्येही हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५, कातालान, बास्क, गालिसियन या भाषा शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होत्या. १९७८च्या घटनेने त्यांना आपापल्या प्रदेशात राजभाषेची जागा दिली.

यातली गालिसिया तू नीट अभ्यासावीस असं आम्हाला मनापासून वाटतं. स्पेनचा वायव्य कोपरा: धो धो पाऊस, जमिनीत घुसलेल्या खाड्या, मासेमारी, तराफ्यांना दोर बांधून वाढवलेली शिनाणी (शिंपले). शेती तुकड्या-तुकड्यांची, म्हणून माणसं पिढ्यान् पिढ्या बाहेर गेली, हवानाला आणि ब्यूनोस आयर्सला. इतकी की अर्जेंटिनात कुठल्याही स्पॅनिश माणसाला ‘गायेगो’ म्हणतात. घरच्या ओढीला त्यांचा शब्द ‘मोरीन्या’. शहरात गेलेल्याने घरची भाषा लपवायची, ती गावंढळ मानायची, हेही तिथे घडलं. रोसालिया दे कास्त्रोने १८६३ मध्ये त्याच भाषेत कवितांचं पुस्तक काढलं, तेव्हा कुठे तिच्याकडे लिहिण्याची भाषा म्हणून बघायला सुरुवात झाली. गणपतीला चाकरमान्यांनी भरलेल्या गाड्या बघत वाढलेल्या मुलीला हे परक्याचं वाटणार नाही. सत्रातला प्रकल्प द्यायचा असेल तर विषय समोर आहे: गालिसियातून ब्यूनोस आयर्सला आणि कोकणातून मुंबईला झालेलं स्थलांतर, गावी येणारा पैसा आणि पडीक राहिलेली जमीन. तुझं अर्थशास्त्रही त्यात कामाला येईल.

म्हणून, घरच्या भाषेपासून लांब जातेस का? आम्हाला उलट दिसतं. पूर्वी तू मालवणी नुसती बोलायचीस, आता ती तुला दिसतेही. फक्त एक जप: आजी बोलत असताना तिला थांबवून ‘हे रूप कसं झालं’ विचारू नकोस आणि तिचं बोलणं सुधारू तर मुळीच नकोस. आधी ऐक, हस, उत्तर दे. वही नंतर काढ. मैत्रिणींना जे खटकतं ते बहुधा हेच असेल, की तू मधेच गप्प होऊन शब्दांकडे बघतेस आणि त्या समोर बसलेल्या राहतात.

बाबांचा प्रश्न रास्त आहे. वाशीच्या बाजारात पेटी विकायला स्पॅनिश लागत नाही, आणि लागेल असं त्यांना भासवू नकोस. पण जगाला ताजा आंबा विकणाऱ्यांत मेक्सिको आणि पेरू आघाडीवर आहेत, स्पेन स्वतः मालागा-ग्रानादाच्या किनाऱ्यावर आंबा पिकवतो, आणि कोळंबीच्या निर्यातीत इक्वाडोर. या सगळ्यांचा बागेतला, पॅकिंगमधला, फळमाशीवरचा अनुभव स्पॅनिशमध्ये लिहिलेला आहे, सरकारी पत्रकं फुकट वाचायला मिळतात. एकच उदाहरण: अमेरिकेला आंबा पाठवायचा तर फळमाशीचा प्रश्न सोडवावा लागतो. भारतीय आंब्याला २००७ पासून तिथे वाट मिळाली ती विकिरण करून, म्हणजे फळावर किरण सोडून, किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक). मेक्सिको मुख्यतः गरम पाण्याची प्रक्रिया करतो: ४६.१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, फळाच्या आकारमानाप्रमाणे ६५ ते ११० मिनिटं. दोन्हींच्या खर्चात, फळाच्या टिकण्यात, चवीत काय फरक पडतो, हे देवगडच्या बागायतदाराच्या मुलीने मूळ कागदांवरून वाचून घरी सांगितलं तर ते ऐकण्याजोगं असेल. विदर्भातले पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यातून मेक्सिकोला पोचले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं. तिथल्या शेतकऱ्यांपर्यंत ते पोचू शकले ते त्यांच्या भाषेतूनच. बाबांना हे नाव सांग.

एम.ए.चं आत्ता ठरवू नकोस. दिल्लीचं जे.एन.यू. आणि हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) इथे स्पॅनिशचं पूर्ण पदव्युत्तर शिक्षण आहे, आणि नेट परीक्षेत स्पॅनिश हा विषय आहे. प्राध्यापकी करायची तर तो रस्ता. पण तिथे बराच वेळ साहित्य, इतिहास आणि भाषाशास्त्र वाचण्यात जातो. बी१ झाल्यावर स्पॅनिशमधली एक संपूर्ण कादंबरी कोशासह वाचून बघ. ओढीने पुढे जात राहिलीस तर एम.ए.चा अर्ज कर. कंटाळत संपवलीस तर अर्थशास्त्र मुख्य ठेव आणि स्पॅनिश जोडीला. नुसती भाषा येणाऱ्यापेक्षा भाषा आणि एक विषय येणाऱ्याला कामं बरी मिळतात. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतल्या स्पॅनिश कामांसाठी बहुधा बी२ मागतात; त्याखाली थांबणं म्हणजे अर्ध्या विहिरीत पाणी शोधणं. या सत्रात कॉलेजात विचारून ठेव, बाहेरच्या भाषा अभ्यासक्रमाचे श्रेयांक तुझ्या पदवीत धरतात का; लेखी उत्तर घे.

पुढे कधी स्पेनच्या विद्यापीठाचा अर्ज भरलास तर आडनावाच्या रकान्यापाशी थांब. तिथे दोन आडनावं असतात, सहसा पहिलं वडिलांचं, दुसरं आईचं, आणि लग्नानंतर बाई ती बदलत नाही. आपली मुलं दुसऱ्या रकान्यात वडिलांचं नाव टाकतात आणि मग पासपोर्टशी कागद जुळत नाहीत. पासपोर्टवरचं आडनाव पहिल्या रकान्यात, दुसरा रिकामा.

आज रात्रीचं काम एवढंच: दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. विषय, बाबांची बाग. क्रियापदं पाच पुरेत: आहे, असतो, आवडतो, विकतात, जायचे.